‘स्मृतिचित्रें’ आणि शेजारधर्म

लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रें’ हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य आहे, याविषयीं आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. १९३४ सालापासून तो क्रमानें भागशः प्रसिद्ध झाला आणि तेव्हांपासून आजतागायत त्याच्या भाषेची, विनोदाची व प्रांजळपणाची स्तुति होत आली आहे. शाळांच्या क्रमिक पुस्तकांतहि त्यांतील उतारे वेळोवेळीं आले. परंतु हे उतारे निवडतांना एक गोष्ट नेहमी घडते. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा तापट स्वभाव, लक्ष्मीबाईंची फजिती, असे गमतीचे प्रसंग घेतले जातात आणि ग्रंथाचा ख्रिस्ती भाग वगळला जातो. तो जणू कथेंतील एक अपघात आहे, कथेचें मर्म नव्हे, अशी समजूत त्यामागें असते. माझ्या मतें ही समजूत ग्रंथावर अन्याय करणारी आहे. दुसऱ्यावर निरपेक्ष प्रेम करणें हें ख्रिस्ती श्रद्धेचें हृदय होय, असें ती श्रद्धा स्वतःविषयीं सांगते. हें सांगणें एका मराठी संसारांत खरें ठरलें काय, कितपत ठरलें, आणि त्याची किंमत कोणीं दिली, याची सर्वांत प्रामाणिक साक्ष ‘स्मृतिचित्रां’त आहे. ती साक्ष तपासून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम तें तत्त्व नीट समजून घेतलें पाहिजे. शुभवर्तमानांत त्याचीं तीन मुख्य स्थळें आहेत. पहिल्या स्थळीं सर्व नियमशास्त्राचें सार दोन आज्ञांत सांगितलें आहे: देवावर सर्वस्वानें प्रेम करावें आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखें करावें. दुसऱ्या स्थळीं, लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत, माझा शेजारी कोण, असें एक शास्त्री विचारतो आणि उत्तरादाखल येशू शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो. चोरांनीं लुटून अर्धमेला केलेल्या वाटसरूला पाहून याजक पुढें जातो, लेवी पुढें जातो, आणि यहुदी ज्याला हीन लेखीत तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेचा खर्चहि देतो. तिसरें स्थळ मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतील अंतिम न्यायाचें. तेथें भुकेल्याला दिलेलें अन्न व तान्हेल्याला दिलेलें पाणी हें प्रत्यक्ष ख्रिस्ताला दिलें, असें मानलें जातें. मूळ ग्रीकांत या प्रेमासाठीं ‘अगापे’ हा शब्द येतो. मराठी भाषांतरकारांनीं त्यासाठीं ‘प्रीति’ हा शब्द घेतला. काव्यांत प्रियकर-प्रेयसींच्या वाट्याला आलेला हा शब्द परक्याच्या जखमा बांधण्याच्या कामीं लावणें हें भाषेच्या दृष्टीनेंहि धाडसच होतें.

तरी ‘प्रीति’पेक्षां अधिक अवघड शब्द ‘शेजारी’ हा आहे. शेजारधर्म आपल्याला परका नाहीं. विरजणापासून मयतापर्यंत शेजाऱ्यावांचून आपलें भागत नाहीं. परंतु आपल्या जुन्या गांवांत शेजारी कोण, हें जातीनें ठरविलेलें असे. आळी जातीची, पाणवठा जातीचा, आणि ज्यांना शेजारच नाकारला त्यांची वस्ती गांवकुसाबाहेर. अशा समाजांत शेजाऱ्यावर प्रेम करा, एवढेंच सांगितलें तर ऐकणारा म्हणेल कीं, आम्ही करतोंच. शोमरोन्याची गोष्ट ऐकल्यावर मात्र तो अडखळेल. कारण तीत शेजारी कोण, हें घराच्या भिंतीवरून ठरत नाहीं, थांबणाऱ्याच्या पावलावरून ठरतें. मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाचें खरें मोल या एका कसोटीवर जोखतां येतें: त्यानें ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ किती रुंद केला?

या वाङ्मयाचा आद्य ग्रंथ म्हणजे फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’. १५४९ सालीं इंग्लंडांत जन्मलेला हा जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं निवर्तला. सुमारे अकरा हजार ओव्यांचें त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. मराठी भाषेवरील त्याच्या प्रेमाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण त्या प्रेमाभोंवतीं काळ कसा होता, हेंहि विसरतां येत नाहीं. स्टीफन्स ज्या साष्टींत राहिला त्याच साष्टींत, १५८३ सालीं, कुंकळ्ळी येथें देवळें पाडल्याच्या संतापांतून पांच जेझुइट मारले गेले, आणि नंतर पोर्तुगीज सत्तेनें तेथील गांवकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलावून नेऊन ठार केलें. तलवारीच्या छायेंत आलेल्या धर्माला निरपेक्ष प्रेमाची भाषा बोलणें कठीण जातें. ‘ख्रिस्तपुराणां’त सृष्टीची उत्पत्ति, आदामाचें पतन, तारणाऱ्याचा जन्म व क्रूसावरील मरण हें सारें रसाळपणें आलें आहे, श्रोत्यांच्या शंकांना उत्तरेंहि दिलीं आहेत. मात्र तेथें सांगणारा एकीकडे आणि ऐकणारा दुसरीकडे राहतो. धर्म पढविला जातो. शेजार घडत नाहीं. हा स्टीफन्सचा दोष म्हणण्यापेक्षां पुराण या प्रकाराची आणि त्या काळाची मर्यादा म्हणावी हें बरें.

‘स्मृतिचित्रां’ची सुरुवातच मुळीं उलट टोकाकडून होते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूरचा. माहेरचें नांव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आईचे वडील सत्तावनच्या बंडाच्या प्रकरणीं फांशीं गेले. या घटनेचा धक्का त्यांच्या वडिलांना असा बसला कीं, त्यानंतर त्यांना सोंवळ्याचें वेडच लागलें. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. जो धुण्याजोगा नाहीं त्याचीहि तीच गत. वाचक येथें हंसतो, आणि लेखिकेचीहि तीच इच्छा आहे. परंतु या हंसण्याखालीं एक दारुण सत्य दडलेलें आहे. हें सोंवळें भक्तींतून आलेलें नाहीं. तें भीतींतून आलेलें आहे. जगानें एकदां एवढा मोठा घाव घातला कीं, त्यानंतर जगाचा स्पर्शच नको झाला. त्या घरांत ‘दुसरा’ म्हणजे विटाळ. आणि ज्या बाईचें बालपण अशा घरांत गेलें, तिचें उत्तर आयुष्य अनाथ, आजारी आणि परक्या मुलांच्या घोळक्यांत गेलें. सोंवळ्याच्या त्या ओसरीपासून या उघड्या दारापर्यंतचा प्रवास हाच ग्रंथाचा कणा होय. हा कणा काढून घेतला तर उरतात त्या केवळ गमती.

या प्रवासांत पहिलें पाऊल टिळकांचें आहे. आगगाडींत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशानें दिलेला नवा करार त्यांनीं वाचला, गिरिप्रवचनानें त्यांचें मन वेधलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधीं विश्वासांत घेतलें नाहीं. पुढें कांहीं वर्षें उभयतां दूर राहिलीं. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला सौभाग्य असूनहि वैधव्यासारखें जिणें आलें. येथें टीकाकारानें सरळ विचारलें पाहिजे: ज्या धर्मांत परक्यावर प्रेम करण्याची आज्ञा आहे, त्या धर्मांत प्रवेश करतांना सर्वांत जवळच्या माणसाचें काळीज फाटावें, हें कसें? टिळकांच्या चरित्रकारांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो. लक्ष्मीबाईंना वाटत नाहीं. त्या आपलें दुःख पूर्णपणें सांगतात. त्यांत पतीला निर्दोष ठरविण्याची धडपड नाहीं आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याचा आवेशहि नाहीं.

एकत्र आल्यानंतरहि हा प्रश्न वेगळ्या रूपानें पुनःपुन्हां येतो. टिळकांचा हात देता होता. पैसा आला कीं गेला. बाजाराला म्हणून निघालेला माणूस भलतेंच कांहीं घेऊन परत यावयाचा. घरांत दाणा नसला तरी पाहुण्याला आमंत्रण जावयाचें. जगाच्या दृष्टीनें ही निःस्वार्थ वृत्ति. पण तिचा हिशोब चुलीपाशीं बसलेल्या बाईला चुकवावा लागे. टिळक देत असत तें पुष्कळदां लक्ष्मीबाईंच्या वाट्याचें असे. परोपकारी पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या बायकांचा हा जमाखर्च सहसा लिहिलेला नसतो. ‘स्मृतिचित्रां’त तो आहे, आणि म्हणूनच हा ग्रंथ निरपेक्ष प्रेमाच्या तत्त्वाची भाबडी स्तुति न राहतां त्याची परीक्षा झाला आहे. स्वतःचें देणें आणि दुसऱ्याचें परस्पर देऊन टाकणें यांत फरक आहे, हें लक्ष्मीबाई कोठेंहि सूत्ररूपानें सांगत नाहींत. प्रसंगच तें सांगतो.

त्यांच्या विनोदाचा विचार याच ठिकाणीं केला पाहिजे. हा विनोद म्हणजे लेखिकेच्या स्वभावाची देणगी, असें सामान्यतः म्हटलें जातें. तें खरें असलें तरी अपुरें आहे. ज्या माणसानें आपल्याला इतकें सोसावयास लावलें त्याच्याविषयीं लिहितांना कडवटपणा येऊं न देणें ही केवळ लेखनशैली नव्हे. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत प्रीतीचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांत झालेल्या अपकारांची टांचणवही न ठेवणें हें एक आहे. लक्ष्मीबाईंना अपकार आठवतात, तपशिलानें आठवतात. फक्त त्यांचें येणें वसूल करावयाचें नाहीं, एवढें त्यांनीं ठरविलेलें दिसतें. विनोद हें त्या क्षमेचें मराठी रूप आहे. म्हणून ख्रिस्ती भाग वगळून केवळ विनोद उचलणारा संपादक झाडाचें मूळ तोडून फुलें घरीं नेत असतो.

लक्ष्मीबाईंचें स्वतःचें परिवर्तन टिळकांपेक्षां अगदीं वेगळ्या वाटेनें झालें. टिळक ग्रंथ वाचून, वाद करून, एका निर्णयानें पलीकडे गेले. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या आपलें सोंवळें बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. मग विचार करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, माणूस देवानें केला, पण जात माणसानें केली. आधीं जातिभेद गेला आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळांच्या बाबतींत नवा धर्म येतो आणि जुनी जात अंगाखालीं तशीच राहते. दक्षिणेंतील व पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजांचा इतिहास याला साक्ष आहे. लक्ष्मीबाई आधीं शेजारी झाल्या, मग ख्रिस्ती झाल्या.

आणि शेजारी होणें म्हणजे काय, याची परीक्षा लगेच आली. १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगर-राहुरीच्या परिसरांत मिशनच्या आश्रयाला अनाथ मुलांची रीघ लागली. पाठोपाठ प्लेग होताच. या मुलांचें खाणेंपिणें, दुखणेंखुपणें, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा, हें सर्व ग्रंथांत येतें तें घरकामाच्या भाषेंत. ‘सेवा’, ‘त्याग’, ‘समर्पण’ अशीं मोठीं नामें लेखिका जवळजवळ वापरीतच नाहीं. तिचें गद्य क्रियापदांचें आहे: शिजविलें, धुतलें, निजविलें, उठलें. टिळकांच्या ‘अभंगांजली’शीं ताडून पाहतां हा भेद चटकन् लक्षांत येतो. तेथें भक्ताचें प्रेम ख्रिस्ताकडे, आंत आणि वर जातें. येथें तें आडवें, समोरच्या माणसाकडे जातें. क्रूसाला उभा दांडा असतो तसा आडवाहि असतो. मराठी ख्रिस्ती काव्यानें उभा दांडा सुरेख कोरला. आडवा दांडा लक्ष्मीबाईंच्या गद्यानें पेलला.

आतां एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. तो टाळून या विषयावर लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. सेवेच्या पोटीं धर्मांतराचा हेतु असेल तर ती सेवा निरपेक्ष कशी? आपल्या समाजानें हा प्रश्न पंडिता रमाबाईंना विचारला. आजच्या कर्नाटकांत, गंगामूळच्या अरण्यांत १८५८ सालीं जन्मलेल्या या विदुषीनें १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. तें पुढच्या वर्षीं पुण्यास गेलें. सदनांतील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो, यावरून १८९३ सालीं पुण्यांत वादळ उठलें आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. पालकांचा संताप समजण्यासारखा होता. त्यांना दिलेलें तटस्थतेचें वचन मोडलें गेलें, असें त्यांना वाटलें. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत जाऊन ज्या मुलींना रमाबाईंनीं केडगांवला आणलें, त्यांना काढून न्यावयास कोणीहि पालक आले नाहींत, हेंहि तितकेंच खरें आहे. ज्यांना समाजानें टाकलें त्यांना उचलणाऱ्याच्या हेतूची चौकशी करण्याचा अधिकार टाकणाऱ्याला कितपत पोंचतो, हा प्रश्न उरतोच.

तरीहि हेतूचा मुद्दा मी सोडून देत नाहीं. त्याला एक साधी कसोटी आहे. समोरच्यानें तुमचा धर्म न स्वीकारल्यास प्रेम आटतें काय? ‘स्मृतिचित्रां’त या प्रश्नाचें उत्तर आहे, आणि त्या उत्तराचें नांव बालकवि. त्र्यंबक बापूजी ठोंबरे टिळकांच्या घरीं पोटच्या मुलासारखे राहिले, लक्ष्मीबाईंशीं भांडले, रुसले, त्यांच्या हातचें जेवले. ते ख्रिस्ती झाले नाहींत आणि त्यामुळें त्या घरांतील त्यांची जागा तसूभरहि कमी झाली नाहीं. १९१८ सालीं रेल्वेच्या अपघातांत ते गेले. स्वतः टिळकांनींहि १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. १९१९ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांनीं आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’चा बहुतेक भाग पुढें लक्ष्मीबाईंनीं रचला. ज्या पुरुषाच्या निर्णयानें आपला संसार मोडला, त्याचें अपुरें काव्य पुरें करण्यास त्या बसल्या. निरपेक्ष प्रेमाचें याहून मोठें प्रमाण वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

आमच्या बीदर-कलबुर्गीकडील वाचकाला हें सारें वाचतांना स्वाभाविकच आपल्या मातींतील कथा आठवतात. कल्याणच्या शरणांचा दासोह येथलाच. दामाजीपंतांची कथा तर बीदरशींच बांधलेली आहे. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्यानें दुष्काळांत बादशहाचीं धान्याचीं कोठारें भुकेलेल्यांना मोकळीं केलीं. शिक्षेसाठीं त्याला बीदरला नेत असतां प्रत्यक्ष विठोबा विठू महाराच्या रूपानें दरबारांत आला आणि त्यानें धान्याचें मोल भरून दिलें. महीपतींच्या ‘भक्तविजया’मुळें ही कथा घरोघर पोंचली. ‘सर्व धर्म एकच सांगतात’ असें म्हणून येथें थांबण्याचा मोह होतो. पण तो समीक्षेचा आळस ठरेल. साम्याइतकाच भेदहि पाहिला पाहिजे. दामाजीच्या कथेंत देव हीन लेखलेल्याच्या रूपानें येतो तो ऋण फेडणारा म्हणून. मत्तयाच्या न्यायकथेंत देव येतो तो भुकेला म्हणून, घेणारा म्हणून. आणि शोमरोन्याच्या गोष्टींत हीन लेखलेला माणूस देवाचें सोंग नाहीं. तो माणूसच आहे, आणि तोच देणारा आहे. पहिल्या कथेंत दात्याचें रक्षण होतें, दुसरींत घेणाऱ्याला प्रतिष्ठा मिळते, तिसरींत आपल्यालाहि कधीं हीन मानलेल्याच्या हातून घ्यावें लागेल, हा ताठा उतरविणारा बोध आहे. दामाजीच्या कथेंतील विठू दरबारांतून अदृश्य होतो. गांवकुसाबाहेरचा खरा माणूस मात्र होता तेथेंच राहतो. हें उणें दाखविण्यानें दामाजीच्या थोरवीला बाध येत नाहीं. त्यानें स्वतःचा जीव पणाला लावला होता.

हाच कस ‘स्मृतिचित्रां’नाहि लावला पाहिजे. नगर भागांतील ख्रिस्ती मंडळींत फार मोठा वांटा महार-मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचा होता. ग्रंथांत तीं माणसें येतात, पण बहुधा लक्ष्मीबाईंच्या मायेचा विषय म्हणून येतात. आपल्या बाजूनें तीं या ब्राह्मण बाईकडे कसें पाहत असतील, हें ग्रंथांत फारसें उमटत नाहीं. देणाऱ्याचें अंतःकरण आपल्याला पूर्ण दिसतें. घेणाऱ्याचें अर्धें अंधारांत राहतें. ही ग्रंथाची खरी मर्यादा होय. ती लेखिकेच्या प्रेमाची मर्यादा नाहीं, आत्मचरित्र या प्रकाराचीच आहे: ज्यानें लिहिलें त्याचेंच डोळे त्यांत असतात. आमच्या भागांतहि मेथडिस्ट मंडळी जुनी आहे; बीदरचा तिचा दवाखाना सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या मंडळींतील साध्या कुटुंबांच्या आठवणी, मग त्या मराठींत असोत वा कानडींत, लिहिल्या जाऊन ‘स्मृतिचित्रां’शेजारीं ठेवल्या गेल्या पाहिजेत, तेव्हांच हें चित्र पुरें होईल.

शेवटीं शिक्षकांसाठीं एक सूचना. ‘स्मृतिचित्रें’ शिकवितांना सोंवळ्याचा प्रसंग अवश्य शिकवावा. पण त्याबरोबर दुष्काळांतील मुलांचा प्रसंगहि शिकवावा आणि या दोन घरांतील अंतर विद्यार्थ्यांनाच मोजूं द्यावें. धर्मप्रचार होईल अशी धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. ज्ञानेश्वरी शिकवितांना आपण अद्वैत गाळीत नाहीं, बसवेश्वरांचीं वचनें शिकवितांना इष्टलिंग गाळीत नाहीं. मग या ग्रंथांतूनच त्याची श्रद्धा कां गाळावी? विद्यार्थी हिंदु असो, मुसलमान असो, लिंगायत असो वा ख्रिस्ती असो, माझा शेजारी कोण, हा प्रश्न त्याला मोठेपणीं पडणारच आहे. आमच्यासारख्या दोन-तीन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना तो रोज पडतो. त्याचें उत्तर एका मराठी बाईनें आपल्या संसाराच्या खर्चानें शोधलें, एवढें तरी त्याला शाळेंत कळलें पाहिजे.